किल्ली फिरवली की फक्त टक

मार्गशीर्षात ह्यांना झटका आला आणि माघात गाडी चालू होईना. दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण त्या दिवसांत माझं डोकं असं झालं होतं की दुधाची पिशवी गळली तरी मी तिचा संबंध ह्यांच्या आजाराशी लावायचे.

गाडी म्हणजे आमची रोजची पांढरी नव्हे. ती मी गेली पंधरा वर्षं बारामतीत चालवते आहे. ही दुसरी. दोनच माणसांची, लाल, अगदी बुटकी, वर कापडाचं छप्पर आणि तेही बहुतेक वेळा मागं दुमडलेलं. साठेक वर्षांपूर्वी विलायतेत हौशी लोक वेगानं पळवायला घ्यायचे, तसली. निमगाव केतकीकडच्या एका बागायतदाराच्या गोठ्यामागं ती कडब्याखाली पडून होती. सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. ह्यांनी ती ट्रॅक्टरला बांधून घरी आणली तेव्हा मी तीन दिवस ह्यांच्याशी बोलले नव्हते. साखर कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी, गाळप सुरू असताना घरी कधी येतील याचा भरवसा नाही, आणि जो काही वेळ मिळेल तो त्या गाडीखाली उताणं पडून. ती रस्त्यावर यायला अकरा वर्षं लागली. तोवर आमची मुलगी शिकून पुण्यात नोकरीला लागली होती.

मग दर रविवारी सकाळी हे गाडी काढून इंदापूर रस्त्यानं भवानीनगरपर्यंत जाऊन यायचे. मी कधीमधी शेजारी बसायचे. खरं सांगायचं तर मला ती गाडी आवडत नव्हती. केस विस्कटायचे, उसाच्या ट्रॉलीमागं अडकलो की पाचट तोंडावर यायचं, आणि थांबलो की लोक गोळा व्हायचे.

झटक्यानं ह्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. पाय हळूहळू परत आला. काठी घेऊन घरातल्या घरात चालता यायला लागलं. बोलणं मात्र विचित्र परत आलं. शब्द यायचे, पण भलतेच. पाणी हवं असलं की म्हणायचे, "चावी." दवाखान्याला म्हणायचे, "कारखाना." लिहून दाखवा म्हटलं तर डाव्या हातानं नुसत्या रेघोट्या. डॉक्टर म्हणाले, "मनात काय आहे ते त्यांना पक्कं माहीत असतं. तोंडात येताना शेजारचा शब्द येतो. तुम्ही शेजारीपाजारी शोधत जा." मी शोधायला लागले. पाण्याला चावी, कारण नळाची चावी. एवढं दोन दिवसांत कळलं तेव्हा मला केवढा तरी आनंद झाला होता.

एका संध्याकाळी हे व्हरांड्यात खुर्चीत बसले होते. समोर पत्र्याच्या शेडमध्ये गाडी. ह्यांनी डाव्या हातानं तिच्याकडे बोट केलं, मग माझ्याकडे.

"चालू करू?" मी विचारलं.

मान हलली. मी किल्ली आणली, आत बसले, कशीबशी पाय लांब करून. किल्ली फिरवली. पुढून कुठून तरी आवाज आला, टक. बस्स. पुन्हा फिरवली. टक. हॉर्न दाबला तर ठणठणीत वाजला. दिवे लावले तर लख्ख. गाडी मात्र ढिम्म.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासायच्या आधी सहज जाऊन किल्ली फिरवली, तर एका दमात चालू. व्हरांड्यातून हे बघत होते. मी हसून हात केला. संध्याकाळी पुन्हा टक.

बिघडलेली वस्तू बिघडलेलीच राहिली तर माणूस निदान गप्प बसतो. ही गाडी मला गप्प बसू देईना. चहाचं आधण ठेवलं की वाटायचं, आत्ता चालू होईल का? जाऊन बघायचे. टक. कपडे वाळत घालून येताना पुन्हा बघायचे. कधी चालू व्हायची, कधी नाही, आणि त्यात काही नेम नव्हता. जेवताना, ह्यांना व्यायाम करवताना, फोनवर मुलीशी बोलताना मन शेडमध्येच. मुलगी म्हणाली, "आई, काढून टाका ती गाडी. बाबा आता चालवणार आहेत का?" मी म्हटलं, "बघू." आणि फोन ठेवून पुन्हा शेडमध्ये गेले.

बारामतीतला एक मेकॅनिक बोलावला. माणूस सज्जन होता. त्यानं बॅटरी नवी घातली. चार दिवस गाडी नीट चालली, पाचव्या दिवशी टक. मग त्यानं स्टार्टर, म्हणजे इंजिनाला पहिला फिरका देणारी मोटर, खोलून काढला आणि बाकावर ठेवून वायरी लावल्या. गर्रकन फिरला. "काकू, स्टार्टर एकदम ओके आहे," असं म्हणून त्यानं तो साफ करून परत बसवला. आठवडाभर गाडी चालली. मग पुन्हा टक. तिसऱ्या वेळी त्यानं डोकं खाजवलं आणि तो म्हणाला, "जुन्या गाड्यांचं असंच असतं, काकू."

मी बारामतीतल्या एका शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे. विद्युत परिपथ हा धडा तर इतक्या वेळा की पुस्तक न उघडता फळ्यावर आकृती काढता यायची. घट, कळ, दिवा, आणि तार. दिव्याकडे जाणारी तार मुलं बरोबर काढायची आणि परत येणारी विसरायची. मी तिथं लाल पेनानं गोल करायचे. ह्यांच्या ड्रॉवरमधला मीटर काढून मी बॅटरी मोजली. साडेबारा व्होल्टच्या वर. म्हणजे बॅटरी ठीक. स्टार्टर ठीक असल्याचं मेकॅनिकनं डोळ्यांदेखत दाखवलं होतं. मग दोष कुठं? मी आकृती कागदावर काढून बघितली आणि चिडून कागद चुरगाळला. पुस्तकातल्या दिव्याला गिअरबॉक्स नसतो.

या सगळ्यात ह्यांचं एक नवीनच सुरू झालं. टक ऐकू आलं की हे खुर्चीच्या हातावर थाप मारायचे आणि म्हणायचे, "माती."

पहिल्यांदा मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग ते रोजचंच झालं. "माती. माती." काठी फरशीवर आपटायचे, खाली बोट दाखवायचे आणि माझ्याकडे रोखून बघायचे. आमच्या भागात कुणी गेलं की त्याच्या मातीला जातात. माती कधी आहे, असं विचारतात. लहानपणापासून तो शब्द ऐकला की मला दारात काढून ठेवलेल्या चपलांचा ढीग दिसतो. आणि हा माणूस रोज बंद पडलेल्या गाडीकडे बघून मला तोच शब्द सांगत होता.

"असं बोलू नका हो," मी म्हणायचे. "पाय सुधारला ना? हातही सुधारेल."

ह्यांचा चेहरा लाल व्हायचा. "माती!" आणि काठी जमिनीवर.

मी जवळ बसायचे, हात हातात घ्यायचे, समजूत काढायचे. हे हात झटकायचे. मग मी स्वयंपाकघरात जाऊन रडायचे. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "अशा आजारात मन खचतं. एकटं सोडू नका, आनंदी ठेवा." आनंदी ठेवायचं तर गाडी चालू व्हायला हवी, एवढंच मला कळत होतं. पाणी चावी होतं, दवाखाना कारखाना होता, हे मला ठाऊक होतं. पण तोच नियम मातीला लावायचं मला सुचलंच नाही. त्या शब्दाला मी इतकी भ्यायले होते की त्याच्या शेजारी काय आहे ते बघायलाच तयार नव्हते.

शेवटी मी तात्यांना फोन लावला. तात्या इंदापूरचे, गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे. स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. आमच्या गाडीचं सगळं वायरिंग ह्यांनी आणि त्यांनी मिळून केलं होतं. वय सत्तरीच्या पुढं, गुडघे गेलेले.

"तात्या, तुम्ही येता का बारामतीला?"

"वैनी, मला आता यष्टीची पायरी चढवत न्हाय. तुमीच गाडी घिऊन या. फोनवर काय सांगू? गाडी बघितल्याबिगर निदान व्हत न्हाय."

"मी ती कधी चालवली नाही."

"दुसरी चालवता न्हवं? मग झालं तर. येकदा चालू झाली की हितं येईपत्तोर बंद करू नका."

फाल्गुन लागला होता. तीन सकाळी मी किल्ली फिरवून बघितली, तीनही वेळा टक. चौथ्या सकाळी चालू झाली. मी ती तशीच चालू ठेवून शेजारणीला हाक मारायला निघाले. ह्यांच्याजवळ दुपारपर्यंत बसशील का, असं तिला आधीच विचारून ठेवलं होतं. परत वळून बघते तर हे काठी टेकत शेडपर्यंत पोचलेले. एका हातानं दार उघडलं, पाठ करून सीटवर बसले आणि पाय हातानं उचलून आत घेतला.

"अहो, उतरा. पन्नास किलोमीटर आहे."

ह्यांनी काठी दोन्ही पायांमध्ये उभी धरली.

"वाटेत बंद पडली तर?"

ह्यांनी पट्टा ओढून माझ्या हातात दिला. लावून दे म्हणून. शेजारीण म्हणाली, "न्या काकू. आता उतरायचे नाहीत ते." इंजिन धडधडत होतं, ते बंद पडेल या धास्तीनं माझं काही चालेना. पट्टा लावला, डोक्याला स्कार्फ बांधला आणि निघालो.

भवानीनगरपर्यंत मी श्वास रोखूनच चालवत होते. स्टेअरिंग जड, ब्रेक आणखी जड, आणि प्रत्येक गतिरोधकावर इंजिनाच्या आवाजात जरा जरी फरक पडला की पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवर जायचा. हे मात्र सरळ बसले होते. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तोंडाची चांगली बाजू जरा वर उचललेली होती. कितीतरी महिन्यांनी मी तो चेहरा बघत होते, पण बघायला सवड नव्हती. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती.

लासुर्ण्याच्या अलीकडे एका ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीचं चाक रस्त्याच्या कडेला रुतलं होतं आणि ट्रॉली आडवी होऊन निम्मा रस्ता अडला होता. मागं एक एसटी, पुढं दोन टेम्पो, मध्ये आम्ही. जरा पुढं, जरा थांब, असं करता करता माझा क्लचवरचा पाय सटकला. गाडीनं गचका खाल्ला आणि इंजिन बंद.

किल्ली फिरवली. टक.

एसटीनं हॉर्न मारला. मी चोकचा दांडा ओढला. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून पुढच्या फळीवरचा हा दांडा ओढतात, आणि त्याची पोलादी तार थेट इंजिनापर्यंत गेलेली असते. त्याचा आता काही उपयोग नव्हता, पण घाबरलेला माणूस हाताला येईल ते ओढतो. मग किल्ली फिरवून तशीच धरून ठेवली. टक, आणि नंतर बारीक गुरगुर. पुन्हा धरली. पुन्हा. जळक्या रबराचा वास आला. दांडा परत आत ढकलायला गेले आणि ओरडून हात मागं घेतला. दांडा तव्यासारखा तापला होता. बोटाला लगेच फोड आला.

"माती!" हे ओरडले. "माती! माती!"

"अहो, गप्प बसा हो!" मी ओरडले. ह्यांच्या आजारात मी एकदाही आवाज चढवला नव्हता. तो तिथं, एसटीतल्या पन्नास माणसांसमोर चढला.

दोघंतिघं खाली उतरले आणि गाडी ढकलून कडेला, बाभळीच्या सावलीत घेतली. ज्याची ट्रॉली रुतली होती तो ट्रॅक्टरवालाही आला. दुसरा ट्रॅक्टर येऊन ओढेपर्यंत त्याला काही काम नव्हतं. चाळिशीचा गडी, डोक्याला टॉवेल.

"मावशी, आबांना पाणी देऊ का?" त्यानं विचारलं आणि स्वतःच्या कॅनमधलं पाणी ह्यांना पाजलं. मला रडू येत होतं, पण इतक्या लोकांत रडायचीही लाज वाटली. मी तात्यांना फोन लावला. बोट भाजलेलं म्हणून फोन स्पीकरवर टाकून गाडीच्या नाकावर ठेवला.

"कुठं हाय तुमी?"

"लासुर्ण्याजवळ. बंद पडली. आणि तात्या, चोकचा दांडा इतका तापलाय की बोट भाजलं."

पलीकडं पान्हा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काय तापलंय म्हणला?"

"चोक. चोकची तार."

"आरं तिच्या!" तात्या जवळजवळ हसलेच. "सापडलं की मग, वैनी! चोकच्या तारंला करंटाशी काय घेणंदेणं? ती तापली म्हंजी करंट तिच्यातनं चाललाय. आता आयका. इंजिन रबराच्या ठोकळ्यावर बसलेलं असतं, व्हय का? स्टार्टरला करंट जातो जाड वायरीनं. पर त्येला माघारी बी यायला लागतं. त्येच्यासाठी इंजिनापास्नं बॉडीला एक जाड पट्टी असती. ती गेलीया. मग बिचारा करंट घावंल त्या वाटंनं माघारी यायला बघतोय. चोकची तार बारकी, तिला न्हाय झेपत. अर्थ न्हाय मिळत गाडीला, अर्थ! अर्थिंग!"

हे सीटवर जवळजवळ उभे राहायला बघत होते. डाव्या हातानं दारावर थाडथाड मारत होते. "माती! माती! माती!"

मी वळून बघितलं.

"अर्थिंग?" मी विचारलं. "अहो, तुम्ही अर्थिंग म्हणत होता?"

ह्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. इतक्या जोरात, इतक्या वेळा, की ट्रॅक्टरवाला म्हणाला, "आबा, दमानं."

मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. हा माणूस महिनाभर मला गाडीचा दोष सांगत होता आणि मी त्याच्या मरणाची समजूत काढत होते. जमिनीकडे बोट दाखवत होता, काठी आपटत होता. शब्दसुद्धा अगदी शेजारचाच होता, इंग्रजी अर्थ म्हणजे मातीच. आणि परत येणाऱ्या तारेवर सत्तावीस वर्षं लाल गोल करणारी बाई मी, माझीच आकृती चुरगाळून बसले होते.

"वैनी, हाय का लाइनीवर? कुणाकडं जंपची वायर हाय का बघा."

ट्रॅक्टरवाल्याकडे होती. बॅटरी उतरली की दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायला ठेवतात ती, चिमट्यांची. तात्यांनी सांगितलं तसं बॉनेट उघडून एक चिमटा इंजिनाच्या उघड्या लोखंडी बोल्टला लावला आणि दुसरा बॉनेटच्या बिजागरीला, जिथला रंग उडाला होता तिथं.

"मावशी, दुसरी गाडी जोडायची न्हाय का?" ट्रॅक्टरवाला गोंधळला. "नुस्ती वायर लावून काय हुतंय?"

"नको. त्याला फक्त परत यायला वाट पाहिजे."

"कुनाला?"

मी आत बसले, किल्ली फिरवली. इंजिन असं गर्जून उठलं की बघायला वाकलेला एकजण दचकून मागं सरला. इतक्या जोरात फिरताना मी ते कधीच ऐकलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ट्रॅक्टरवाल्यानं चिमटे काढून घेतले, बॉनेट लावलं आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आबा, तुमची गाडी लई भारी हाय." हे त्याला काहीतरी म्हणाले. "गूळ," असं काहीतरी. त्यालाही ते चाललं.

इंदापूरपर्यंत मी गाडी कुठंच थांबवली नाही. जंक्शन गाव गेलं, निमगाव गेलं. ह्यांनी मध्येच माझ्या भाजलेल्या बोटाकडे बघितलं आणि नजर फिरवली.

तात्या दुकानाच्या दारात खुर्ची टाकून वाटच बघत होते. ह्यांना गाडीत बघून ते उठले आणि तिथंच थांबले. पुढं येईनात. मी खाली उतरले तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "सायब बी आले व्हय? वैनी, मी बघायला आलो न्हाय तुमच्याकडं. गुडघ्याचं निमित्त. खरं सांगायचं तर धीर झाला न्हाय." मग त्यांनी डोळे पुसले, ह्यांना आधार देऊन उतरवलं आणि स्वतःच्या खुर्चीवर बसवलं.

गाडी जॅकवर चढवून तात्या गोणपाटावर आडवे झाले, गुडघ्यांना शिव्या देत. थोड्या वेळानं हातात एक पट्टी घेऊन बाहेर आले. तांब्याच्या बारीक तारांची विणलेली, हाताएवढी लांब. वरून धड दिसत होती. टोकाशी त्यांनी ती वाकवली तर आतून हिरवी पडलेली, चार-दोन तारांवर लोंबत होती. गाडी जरा हलली की चिकटायची, जरा हलली की सुटायची. मेकॅनिकनं दर वेळी काही काढघाल केली की ती आपोआप जागेवर बसत होती.

"सायब," तात्या पट्टी ह्यांच्यापुढं धरून म्हणाले, "ही बदलू म्हणून दसऱ्याला म्हणलं व्हतं का न्हाय मी? तुमीच म्हणला, दिवाळी होऊ द्या."

ह्यांनी मान हो अशी हलवली. म्हणजे ह्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पहिल्या टकपासून. मला एकदम राग आला. कुणाचा, ते कळेना. ह्यांचा, त्या पट्टीचा, स्वतःचा, की महिनाभर मी ज्या आवाजात "असं बोलू नका हो" म्हणत होते त्या आवाजाचा? मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले. समोरून एसट्या जात होत्या. कुणीतरी विचारलं, "मॅडम, ही गाडी कुठली?" मी म्हटलं, "बारामतीची."

आत तात्यांनी जाड केबलचा तुकडा कापून नवी पट्टी केली. दोन्ही टोकांना बोल्ट घालायचे पितळी डोळे ठोकून बसवले. बॉडीवर जिथं पट्टी बसणार तिथला रंग कानशीनं खरवडला आणि ह्यांना दाखवायला टॉर्च धरली. ह्यांनी खुर्चीतून वाकून बघितलं आणि मान नाही अशी हलवली.

"आता काय?" तात्या म्हणाले. "लोखंड दिसतंय की चकचकीत."

ह्यांनी डाव्या हाताचं बोट गोल फिरवलं. आणखी.

तात्यांनी आणखी खरवडलं. पुन्हा दाखवलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा मान हो म्हणून हलली तेव्हा तात्या कानस खाली ठेवून माझ्याकडे बघून म्हणाले, "काय बी बदललं न्हाय बघा ह्या माणसाचं." आणि दोघंही हसायला लागले. तात्या खळखळून, हे अर्ध्या तोंडानं, आवाज न करता. मला हसू आलं नाही. मी ते बघत होते आणि मनात हिशेब लावत होते, या महिन्याभरात ह्यांनी आणखी काय काय सांगितलं असेल? ज्याला मी हो हो म्हणून उशी सरळ केली, ते काय होतं? परवा 'खिडकी' म्हणाले तेव्हा मी खिडकी लावली. तेच हवं होतं का?

चहा झाला. गाडी पाच वेळा बंद करून चालू केली, पाचही वेळा एका दमात. परतताना लासुर्ण्याचा रस्ता मोकळा होता, ट्रॉली गेली होती. वाऱ्यानं हे झोपले. मी मात्र मध्येच गाडी कडेला घेऊन बंद केली आणि पुन्हा चालू करून बघितली, उगाच. चालू झाली. भवानीनगरला पुन्हा एकदा. विश्वास बसायला वेळ लागतो.

घरी आल्यावर मी एक वही काढली आणि ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. लाड करायला, समजूत काढायला नव्हे. "हे बघा," मी म्हटलं, "आजपासून मी तुमचा शब्द आहे तसा मानणार नाही. विचारत जाईन. चुकले तर काठी आपटा."

दोनच दिवसांत प्रसंग आला. दुपारी हे म्हणाले, "जिना." आमच्या घराला जिना नाही. मी सुरुवात केली. खायची वस्तू? नाही. दुखतंय? नाही. घरातली वस्तू? मान नाही. बाहेरची? मान हो. गाडी? नाही, आणि वैतागाचा उसासा. शेड? नाही. शेजारचं घर? काठी आपटली. नळ? दोरी? तुळस? मी विचारत गेले, हे लाल होत गेले. अर्धा तास झाला. मला वाटलं, पुन्हा तेच, पुन्हा मला काही समजत नाही. मी वही मिटली.

तेव्हा हे उठले. काठी घेतली, व्हरांड्याच्या दोन पायऱ्या एकेक करून उतरले. मी मागं, एका हातात वही, दुसरा हात पसरून चाललेले. अंगणातून हळूहळू पुढं जाऊन ह्यांनी फाटक लोटलं, कडी घातली आणि वळून माझ्याकडे बघितलं. सकाळी भाजी घेऊन आले तेव्हा ते मीच उघडं टाकलं होतं. कोपऱ्यात कुणाची तरी शेळी जास्वंदीचा शेवटचा शेंडा खात उभी होती.

"जिना," हे मला शांतपणे म्हणाले.

मी वहीत लिहिलं, जिना म्हणजे फाटक, आणि शेळी आत अडकली म्हणून फाटक पुन्हा उघडायला गेले.